चित्रात ट्यूबलाईट दिसते तेव्हा

“सर, याच्यात त ट्यूबलाईट हाय.”

दुसरीतला पोरगा हे म्हणाला तेव्हा मी हसलो. आमच्या कलादालनात समोर पोळ्याचं चित्र होतं, जलरंगातलं, काचेच्या फ्रेममध्ये बसवलेलं. झुली घातलेली बैलजोडी, मागे तोरण, तोरणाखाली माणसांची गर्दी. यात ट्यूबलाईट कुठून येणार? पण पोरगा हटेना, म्हणून त्याच्या शेजारी उकिडवा बसलो. बैल गायब. काचेत एक पांढरी लखलखीत कांडी, बाकी काही नाही. उभा राहिलो की बैल दिसत, बसलो की ट्यूबलाईट.

कारण शाळेच्या विज्ञानातलंच आहे. काच थोडी आरशासारखी वागते. उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो. मोठा माणूस चित्राकडे समोरून पाहतो, तेव्हा त्याला काचेत समोरची अंधारी भिंत दिसते, म्हणजे जवळजवळ काहीच दिसत नाही. मूल खालून वर पाहतं. त्याची नजर काचेवर आपटून छताकडे जाते, आणि छताला ट्यूबलाईट असते.

चित्र टांगायचा रूढ हिशेब असा की चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर यावा. हा हिशेब उभ्या असलेल्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांचा. दुसरीतल्या मुलाचे डोळे एक मीटरच्या थोडे वर असतात. व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाचे आणि बाकावर टेकलेल्या म्हातारीचेही साधारण तेवढ्यातच. म्हणजे एका कुटुंबातले तीन जण एका उंचीवर, आणि चित्र टांगलंय चौथ्यासाठी.

यावर उपाय शोधत होतो आणि तो आमच्या जुन्या घरातच टांगलेला होता. पूर्वी आजोबांचा फोटो किंवा देवांच्या तसबिरी भिंतीला सपाट चिकटवत नसत. खालची कड दोन खुंट्यांवर टेकलेली, वरची कड दोरीने पुढे झुकवलेली. लोक जमिनीवर बसत, त्यांना तसबीर दिसायला हवी म्हणून. चित्र वरून थोडं पुढे झुकलं की खालून पाहणाऱ्याच्या काचेत छताऐवजी समोरची भिंत येते. आम्ही फ्रेमच्या वरच्या कडेमागे लाकडाचे तुकडे बसवले आणि सगळी चित्रं एका विताने खाली आणली. खर्च काहीच नाही, सुतारालाही बोलवावं लागलं नाही.

हे ‘आम्ही’ कोण ते सांगतो. विदर्भातल्या आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या इमारतीत एक हॉल आहे, त्याला काही वर्षांपासून कलादालन म्हणतात. मी शाळेत चित्रकला शिकवतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना पोरं बसवतो, आणि सुटीच्या दिवशी या हॉलची किल्ली माझ्याकडे असते. किल्ली असलेला माणूस दारात बसतो, आणि दारात बसलं की कोण येतं यापेक्षा कोण येत नाही ते जास्त कळतं. घरची सगळी मंडळी मिळून कधीच येत नव्हती.

सरकारी कागदात यासाठी ‘सुगम्यता’ असा शब्द आहे. बहुतेकांच्या डोक्यात त्याचा अर्थ रॅम्प. रॅम्प हवाच, पण सुगम्यता ही साखळी आहे. घरातून निघणं, गाडी, दार, पायऱ्या, आत बसायला जागा, पाणी, चित्र दिसणं, चित्राखालचं वाचता येणं, आणि परतीची गाडी. यातली एक कडी तुटली तरी माणूस घरीच राहतो. आणि एक माणूस घरी राहिला की बाकीचेही निघत नाहीत, कारण त्या माणसाला किंवा त्याच्याजवळच्या लेकराला पाहायला कोणीतरी लागतं.

आमचा हॉल आधी वरच्या मजल्यावर होता. एकवीस पायऱ्या. एकदा एक कुटुंब आलं: नवरा-बायको, दोन पोरं, कडेवरचं एक, आणि आजी. आजीने जिन्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “तुमी पाहून या, मी खालीच बसतो.” (आमच्याकडे बायाही ‘बसतो’च म्हणतात, बाहेरच्यांना गंमत वाटते.) कडेवरचं तिच्याजवळ ठेवून बाकीचे वर आले. पोरं पहिल्या भिंतीशी रमली होती, पण आईचा कान खाली. बाळ रडल्याचा भास झाला, की खरंच रडलं, कोण जाणे. सहा मिनिटांत सगळे खाली.

त्या दिवशी जे लक्षात आलं ते मी आता प्रत्येकाला सांगतो: कुटुंब दालनात किती वेळ थांबणार, हे चित्रं ठरवत नाहीत. त्यातला जो सगळ्यांत आधी थकतो, भुकेजतो किंवा अवघडतो, तो ठरवतो. बाकी सगळ्यांचं घड्याळ त्याच्या हातात असतं. म्हणून सोय करायची ती त्याची.

वाचनालयात खाली रद्दीची एक खोली होती. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे काढायला मंडळाची मनं वळवावी लागली, ती गोष्ट वेगळी आणि लांबलचक आहे. हॉल खाली आला. तरी इमारतीच्या जोत्याच्या तीन पायऱ्या राहिल्याच. इथे रॅम्पचं गणित कळलं. रॅम्पचा चढ एकास बारापेक्षा जास्त नसावा, म्हणजे एक फूट चढायला किमान बारा फूट लांबी. आमच्या तीन पायऱ्या मिळून ४५ सेंटिमीटर, म्हणजे रॅम्प ५४० सेंटिमीटर, जवळपास अठरा फूट. तेवढी जागा सरळ नव्हती, म्हणून मध्ये सपाट टप्पा घेऊन तो काटकोनात वळवला. गावोगावी नव्या इमारतींना जे उतार दिसतात त्यातले कितीतरी मोटरसायकल आत घ्यायला बरे आहेत. व्हीलचेअर ढकलत नेणाऱ्याला विचारा, छातीत कळ येते.

रॅम्प झाला, पण लोक येईनात. मग वेळेकडे पाहिलं. आमची वेळ होती अकरा ते पाच, सोमवारी बंद. आठवडी बाजार सोमवारी! आजूबाजूच्या खेड्यांतली घरंच्या घरं ज्या एका दिवशी तालुक्याला येतात, त्याच दिवशी आमच्या दाराला कुलूप. भाड्याची अडचण पूर्वीइतकी नाही. ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून एसटी मोफत आहे, आणि मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट. आजी, सून, नात निघाल्या तर पूर्वीच्या मानाने स्वस्तात येतात. अडचण असते शेवटच्या गाडीची. ती चुकली की चित्रकला राहते बाजूला आणि नवऱ्याची बोलणी खावी लागतात. आता सोमवारी दालन उघडं ठेवतो, आणि दाराशीच खडूने फळ्यावर कोणत्या गावची शेवटची गाडी किती वाजता ते लिहितो. लोक चित्रांआधी तो फळा वाचतात, आणि मग निवांत आत जातात. बाजाराच्या पिशव्या ठेवायला एक फळीही आहे. मेथीच्या जुड्या हातात धरून कोणी चित्र पाहू शकत नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत मात्र काहीही केलं तरी कोणी येत नाही, आणि येऊही नये. तेव्हा आम्हीच चित्रांच्या प्रती घेऊन शाळांत जातो.

यानंतरची अडचण मोजपट्टीत बसत नाही. दारापर्यंत आलेली माणसं उंबऱ्याशी थबकतात. चपला काढू की नको? तिकीट असेल का? कोणी काही विचारलं तर? “आमाले काय समजते त्याच्यातलं” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचा खरा अर्थ कळतो: इथे आपलं हसं होईल का? ‘कलादालन’ या शब्दातच ही भीती आहे. याउलट नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय पाहा. १८६३ मधलं आहे, पण खेड्यातून नागपूरला गेलेली माणसं त्याला त्या नावाने ओळखतच नाहीत. ती म्हणतात अजब बंगला. अजब म्हटलं की तिथे काही समजलंच पाहिजे अशी अट राहत नाही. डोळे मोठे करून पाहिलं तरी चालतं. पिढ्यान्‌पिढ्या लेकरांना खांद्यावर घेऊन लोक तिथे जात आले आहेत.

ही भीती फक्त आपल्याकडे आहे असं मुळीच नाही. २००३ साली लंडनच्या एका नामांकित दालनात अ‍ॅझ्टेक मूर्तींचं प्रदर्शन होतं. दोन वर्षांचं एक पोरगं मूर्तीकडे पाहून ‘राक्षस!’ असं ओरडलं, आणि आवाज केला म्हणून त्या कुटुंबाला बाहेर जायला सांगितलं गेलं. आई पत्रकार होती. तिने लिहिलं, वाचकांनी आपापले अनुभव कळवले, आणि त्यातून ‘किड्स इन म्युझियम्स’ ही संस्था उभी राहिली. ती आजही तिथल्या संग्रहालयांना मुलांशी कसं वागावं ते शिकवते. मला त्या पोराचं कौतुक वाटतं. मूर्ती घडवणाऱ्याला एवढी सरळ दाद क्वचितच मिळाली असेल.

आवाजाचं काय करायचं, हे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या माणसाला शिकवायची गरज नाही. दिवाळीनंतर भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडे मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात, आणि रात्री नाटक. घरंच्या घरं चादरी-घोंगड्या घेऊन मंडपात येतात. लेकरं पहिल्या अंकाला जागी असतात, दुसऱ्याला मांडीवर झोपतात, तिसऱ्याला उठून विचारतात, “कोन मेला?” कोणी त्यांना गप्प करत नाही. नट आवाज चढवतो, एवढंच. नाटक कलेचंच आहे आणि अवघडही असतं, तरी ‘आपल्याला काय समजते’ असं तिथे कोणाच्या तोंडी येत नाही. मी बरीच वर्षं असली नाटकं पाहिली, पण दालन चालवायला घेतल्यावर प्रथमच विचार आला की तिथे काय असतं जे आमच्याकडे नाही. बसायला जमीन असते. झोपायची मुभा असते. मधूनच उठून चहा पिऊन परत येता येतं. आणि दारात कोणी “शांतता राखा” अशी पाटी लावलेली नसते.

म्हणून आम्ही पाटी काढली आणि एका भिंतीपाशी सतरंजी अंथरली. बाक चार ठेवले, दोन टेकायच्या पाठीचे. बॉस्टनच्या संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्येच ‘संग्रहालयाचा थकवा’ या विषयावर लेख लिहिला होता. कपाटातली वस्तू आणि चिठ्ठी पाहायला माणसाला किती वाकावं, मुरडावं लागतं, याचे त्यांनी चक्क फोटो काढले होते. शंभर वर्षं झाली, तरी नवं दालन बांधताना बाक शेवटी आठवतात. पडद्याआड एक कोपरा बाळाला पाजायला ठेवला आणि त्यावर ‘हिरकणी’ अशी पाटी लावली. एसटी स्टँडवरच्या हिरकणी कक्षामुळे तो शब्द सगळ्या बायांना माहीत आहे, पाटी वाचून लगेच जातात. शौचालय स्वच्छ ठेवणं हे मात्र रोजचं रडगाणं आहे, त्यावर मी इथे लिहीत नाही.

आता चित्राखालच्या चिठ्ठीकडे येऊ. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात केलेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. माणूस एका चित्रासमोर सरासरी २७ सेकंद थांबतो असं त्यात निघालं, आणि निम्म्या वेळा तर १७ सेकंदांहूनही कमी. तेवढ्यात चिठ्ठी वाचायची आणि चित्रही पाहायचं. आमच्या एका चिठ्ठीवर मीच लिहिलं होतं: “ग्रामीण लोकजीवनातील उत्सवी अवकाशाचे लयबद्ध रेखांकन.” काय म्हणायचं होतं ते आता मलाही आठवत नाही. ती काढून तिथे लिहिलं: “या गर्दीत एक जण बैलाकडे पाहत नाही. तो कोण?” पोरं त्या चित्रासमोर भांडू लागली. बाप मध्ये पडला, मग आई. तो टोपीवाला फुगे विकणाऱ्याकडे पाहतो आहे की त्याच्या मागच्या बाईकडे, यावर एका कुटुंबाने माझ्या डोळ्यांदेखत पाच-सात मिनिटं घालवली.

चिठ्ठीचं अक्षर मोठं हवं हे सगळे सांगतात. देवनागरीत ते इंग्रजीपेक्षाही मोठं लागतं, कारण मात्रा, रफार, उकार बारीक झाले की अक्षर अक्षराशी मिसळतं. पिवळट कागदावर काळी शाई बरी. काचेवर पांढरी अक्षरं छापायची फॅशन पाहिली की माझा जीव जळतो. आणि मराठी सगळ्यांची घरची भाषा नाही. यवतमाळकडे कोलामी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया बोलणारी घरं आहेत. चार ओळींचं भाषांतर परवडलं नाही तरी चित्रातल्या बैलाला, सुपाला, पाखराला त्यांच्या भाषेत काय म्हणतात एवढा एक शब्द चिठ्ठीवर घालता येतो. तो शब्द त्या घरातल्या म्हातारीलाच विचारावा. आम्ही एका आजीला कोलामी शब्द विचारले, तर पुढच्या बाजाराला ती शेजारीण घेऊन आली, आपला शब्द दाखवायला.

‘हात लावू नका.’ ही पाटीही काढायची का? नाही. पण कारण सांगायला हवं. घरात दिव्याच्या बटणाभोवतीची भिंत काळी का पडते? बोटांचा घाम आणि तेल लागून. एकदा लागून काही होत नाही, रोज लागून होतं. आम्ही हातकागदाचा एक तुकडा भिंतीवर लावलाय, अर्धा प्लास्टिकखाली झाकलेला, अर्धा उघडा, आणि वर लिहिलंय “इथे हात लावा.” काही महिन्यांत उघडा अर्धा भाग मळकट, लवलवीत झाला. आता कोणाला रागवावं लागत नाही, पोरंच एकमेकांना तो कागद दाखवतात.

हात लावायच्या वस्तूंचं टेबल वेगळं. त्यावर तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल आहे, कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड आहे, भंडाऱ्याकडचं पितळी भांडं, बांबूची टोपली. दृष्टिहीन माणसासाठी हेच टेबल म्हणजे दालन. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ पासून ‘अनुभव’ नावाचं असं स्पर्शाचं दालन आहे, मूर्तींच्या प्रतिकृती हातांनी पाहायचं. २०१६ च्या दिव्यांग हक्कांच्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत, आणि त्याच्या कलम २९ मध्ये कला दिव्यांगांपर्यंत पोचवणं ही सरकारची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे. त्या २१ मध्ये स्वमग्नताही येते. अशा मुलांना गर्दी आणि गोंगाट सोसत नाही. म्हणून बाजाराचा दिवस सोडून एका सकाळचा पहिला तास आम्ही शांत ठेवतो: पंखे मंद, अर्धे दिवे बंद, आत फार तर दोन कुटुंबं. वर आवाजाची एवढी बाजू घेतली आणि इथे शांततेची घेतो आहे, हे मला कळतं. दोन्ही एकाच वेळी देता येत नाहीत, म्हणून वेळ वाटून दिली.

असा पेच उन्हाळ्यातही येतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर. कूलर लावला नाही तर माणूस टिकत नाही, लावला तर कागद टिकत नाही. कूलरची ओली हवा कागद पितो आणि फुगतो. रात्री कूलर बंद झाला, कोरडी झळ आली, की आकसतो. असं महिनाभर झालं की चित्राला पापडासारख्या लाटा येतात, आणि फ्रेमच्या आत ओल कोंडली तर बुरशी. उजेडाचंही तसंच. कागदावरच्या जलरंगाला ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड देऊ नये असा संकेत आहे, आणि तेवढ्यात म्हाताऱ्या डोळ्यांना धड दिसत नाही. आम्ही काढलेला मार्ग असा: कूलर बाहेरच्या व्हरांड्यात, जिथे माठ आणि बाक आहेत. उन्हाळ्यात कागदावरची मूळ चित्रं पेटीत जातात, भिंतीवर त्यांच्या छापील प्रती, आणि लाकूड-पितळाच्या वस्तू मध्यभागी. मूळ चित्र तीन महिने उजेडात राहिलं की पुढचे नऊ महिने विश्रांतीला. जाणकारांना प्रती लावणं कमीपणाचं वाटतं. मला तरी घामाघूम बाळ रडत असताना अस्सल चित्र लावण्यात काही मोठेपणा दिसत नाही.

काय लावायचं यावर मात्र माझं मत पक्कं आहे. १९३६ मध्ये खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन फैजपूरला झालं. गांधीजींच्या सांगण्यावरून चित्रकार नंदलाल बोस यांनी तिथली सजावट बांबूसारख्या गावातल्याच साहित्यातून केली. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी मातीच्या रंगांत फलक रंगवले. त्यांत होते सुतार, ढोलवाले, कातणाऱ्या-कांडणाऱ्या बाया. पाहायला येणाऱ्यांतही असेच लोक होते. आपलं काम चित्रात दिसलं की माणूस नुसता पाहत नाही, तपासतो.

आमच्याकडेही तेच झालं. हॉल खाली आल्यावर ती जिन्याखाली बसलेली आजी एका बाजाराला पुन्हा आली. या वेळी रॅम्पवरून, नातवाचा खांदा धरून, आत. पोळ्याच्या चित्रासमोरच्या बाकावर बसली. मी दुरून पाहत होतो. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग नातवाला म्हणाली, “बैलाले येसन कुठं हाय रे? पोयाच्या दिवशी बिनयेसनीचा बैल काऊन आणला यानं?”

मी जवळ जाऊन पाहिलं. झूल होती, घुंगरमाळ होती, शिंगं रंगवलेली होती. वेसण नव्हती. दोन्ही बैलांना नव्हती. चित्र माझंच होतं, आणि तीन वर्षं दालनात होतं.

आता त्याच्याखाली नवी चिठ्ठी आहे: “चित्रकार यात एक गोष्ट काढायला विसरला. कोणती? ओळखता आली नाही तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.”